जोंगाच्या सांध्यामागचा शास्त्रज्ञ : रॉबर्ट हूक

मध्य प्रदेशातील जबलपूर येथे तयार झालेल्या जोंगा या लष्करी गाडीने भारतीय लष्कराची सुमारे तीन दशके सेवा केली. लष्कराने सेवेतून मुक्त केलेल्या अनेक जोंगा पुढे लिलावातून नागरिकांच्या हाती आल्या आणि त्यांतील कित्येक गाड्यांचे मूळ पेट्रोल इंजिन काढून त्या जागी डिझेल इंजिन बसवण्यात आले. इंजिन बदलण्याच्या या कामात खरी कसोटी लागते ती गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या जोडणीत. या जोडणीतील सांधा कसा फिरतो आणि त्यातील दोष कसा दूर करावा, याचे विवेचन सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी करणारे शास्त्रज्ञ म्हणजे रॉबर्ट हूक.

शालेय विद्यार्थ्यांना हूक यांचे नाव दोन कारणांनी परिचित असते. स्प्रिंगचा ताण आणि तिची वाढलेली लांबी यांचा संबंध सांगणारा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो. जीवशास्त्रातील पेशी या संकल्पनेसाठी वापरला जाणारा इंग्रजी शब्दही त्यांनीच रूढ केला. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ते तिसऱ्यांदा भेटतात ते हूकचा सांधा या प्रकरणात. कार्यशाळांमध्ये मात्र या सांध्याला युनिव्हर्सल जॉइंट किंवा नुसते क्रॉस म्हटले जाते.

बालपण आणि शिक्षण

रॉबर्ट हूक यांचा जन्म १८ जुलै १६३५ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावरील फ्रेशवॉटर या गावी झाला. त्यांचे वडील जॉन हूक हे स्थानिक चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. रॉबर्ट यांची प्रकृती लहानपणापासून नाजूक होती. डोकेदुखीमुळे त्यांचे नियमित शिक्षण होऊ शकले नाही आणि बराच काळ ते स्वतःच्या मनाने यांत्रिक खेळणी बनवण्यात रमत असत. पितळी घड्याळ उघडलेले पाहून त्यांनी तसेच लाकडी घड्याळ तयार केले होते आणि ते चालतही होते, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे.

१६४८ मध्ये वडिलांचे निधन झाले. वारसाने मिळालेली थोडीशी रक्कम घेऊन तेरा वर्षांचे रॉबर्ट लंडनला आले. चित्रकलेची आवड असल्याने प्रसिद्ध चित्रकार पीटर लेली यांच्याकडे ते काही काळ राहिले. मात्र रंगांच्या वासाने डोकेदुखी वाढू लागल्याने त्यांनी ते काम सोडले. त्यानंतर त्यांनी वेस्टमिन्स्टर स्कूलमध्ये प्रवेश घेतला. मुख्याध्यापक रिचर्ड बझ्बी यांच्या देखरेखीखाली त्यांनी लॅटिन, ग्रीक आणि भूमिती या विषयांचा अभ्यास केला.

१६५३ मध्ये ते ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयात दाखल झाले. श्रीमंत विद्यार्थ्यांप्रमाणे त्यांना खर्च परवडणारा नव्हता. त्यामुळे मदतनीस म्हणून काम करत त्यांनी शिक्षण पुढे चालू ठेवले. प्रथम वैद्यकतज्ज्ञ टॉमस विलिस आणि नंतर रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. बॉइल यांच्यासाठी त्यांनी तयार केलेला हवेचा पंप त्या काळातील अत्यंत प्रगत उपकरण होता. वायूचा दाब आणि आकारमान यांचा संबंध सांगणारा बॉइल यांचा नियम या पंपाच्या साहाय्याने झालेल्या संशोधनातून पुढे आला. हाताने काम करणारा कारागीर आणि कागदावर विचार करणारा विद्वान असे दोन वर्ग त्या काळात वेगवेगळे मानले जात. हूक हे दोन्ही होते आणि त्यांच्या पुढील आयुष्यातील यशापयशाचे मूळ बऱ्याच अंशी यातच आहे.

रॉयल सोसायटीतील जबाबदारी

लंडनमध्ये १६६० साली स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीने नोव्हेंबर १६६२ मध्ये हूक यांची प्रयोग अधिकारी म्हणून नियुक्ती केली. दर आठवड्याच्या सभेत सदस्यांसमोर तीन-चार प्रयोग करून दाखवणे हे त्यांचे काम होते. सुरुवातीला या कामासाठी त्यांना वेतनही नव्हते. १६६५ मध्ये ते ग्रेशम कॉलेजमध्ये भूमितीचे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत याच ठिकाणी त्यांचे वास्तव्य राहिले. सर जॉन कटलर यांनी व्याख्यानांसाठी वार्षिक ५० पौंड देण्याचे मान्य केले होते. ही रक्कम मिळवण्यासाठी हूक यांना अनेक वर्षे झगडावे लागले आणि १६९६ मध्ये न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला.

१६६५ मध्येच त्यांचा मायक्रोग्राफिया हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शकातून दिसणारी पिसू, माशीचा डोळा, बुरशी, सुईचे टोक यांची त्यांनी स्वतः काढलेली चित्रे पाहून वाचक थक्क झाले. बुचाच्या पातळ कापातील कप्प्यांना त्यांनी दिलेले नाव पुढे सर्व सजीवांच्या मूलभूत घटकाला मिळाले.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १६६६ मध्ये, लंडन शहराला भीषण आग लागली आणि शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. पुनर्बांधणीसाठी नेमलेल्या भूमापकांमध्ये हूक यांचा समावेश होता. जळालेल्या गल्ल्यांमधून फिरून रस्त्यांची आखणी करणे, प्रत्येक घराच्या हद्दीच्या खुंट्या मारणे, शेजाऱ्यांमधील तंटे सोडवणे आणि भूखंडाचे दाखले देणे अशी ही कष्टाची कामे होती. वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेन यांच्यासह त्यांनी या आगीच्या स्मरणार्थ २०२ फूट उंचीचा स्तंभ उभारला. हा स्तंभ १६७७ मध्ये पूर्ण झाला. ताऱ्यांच्या वेधासाठी उभ्या दुर्बिणीसारखाही त्याचा उपयोग व्हावा अशी त्याची रचना करण्यात आली होती.

सांध्याचे विवेचन

दुर्बीण आणि घड्याळ या दोन उपकरणांवर काम करतानाच हूक यांचे लक्ष या सांध्याकडे वळले. एका दांड्याचे फिरणे त्याच्याशी कोन करून असलेल्या दुसऱ्या दांड्याकडे कसे पोहोचवावे, हा त्यांच्यासमोरील प्रश्न होता. दोन्ही दांड्यांच्या टोकांना दुबेळक्याच्या आकाराचे एकेक योक आणि त्या दोहोंमध्ये चार भुजांचा क्रॉस, अशी या सांध्याची रचना असते. क्रॉसच्या समोरासमोरील दोन भुजा एका योकमध्ये आणि उरलेल्या दोन दुसऱ्या योकमध्ये बसतात. १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेलिओस्कोप्स या पुस्तकात हूक यांनी त्याला युनिव्हर्सल जॉइंट हे नाव दिले.

ही रचना सर्वस्वी त्यांची होती असे नाही. एकात एक बसवलेल्या कड्यांमध्ये दिवा किंवा होकायंत्र टांगण्याची युक्ती प्राचीन काळापासून माहीत होती. सोळाव्या शतकातील इटालियन विद्वान जिरोलामो कार्दानो यांनी अशा टांगणीचे वर्णन केले होते आणि त्यामुळेच युरोपातील अनेक देशांत आजही प्रोपेलर शाफ्टला कार्डन शाफ्ट म्हटले जाते. १६६४ मध्ये गास्पार शॉट या जर्मन लेखकाच्या ग्रंथातही अशा सांध्याचा उल्लेख आला होता. हूक यांचे वेगळेपण असे, की हा सांधा फिरताना नेमके काय घडते ते त्यांनी तपासले.

पहिला दांडा एकसारख्या वेगाने फिरत असला तरी त्याच्याशी कोनात असलेला दुसरा दांडा एकसारख्या वेगाने फिरत नाही, असे त्यांना आढळले. प्रत्येक फेरीत तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दोन्ही दांडे एका सरळ रेषेत असतील तर हा फरक शून्य असतो आणि कोन वाढत जाईल तसा तो वाढतो. दहा अंशांच्या कोनात वेगातील चढउतार दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का असतो. वीस अंशांवर तो सहा टक्क्यांच्या आसपास जातो आणि तीस अंशांवर तेरा ते पंधरा टक्क्यांपर्यंत पोहोचतो.

हा दोष हूक यांनी प्रथम गुण म्हणून वापरला. सूर्यतबकडीवर सावली दिवसभर सारख्या वेगाने सरकत नाही. तिच्या गतीतील हा फरक आणि सांध्यामुळे पडणारा फरक यांचे गणित एकच असल्याचे त्यांनी ओळखले. घड्याळाने एकसारख्या वेगाने फिरवलेल्या दांड्याला योग्य कोनात दुसरा दांडा जोडला, तर त्यावरील काटा सावलीच्याच गतीने चालवता येतो, असे त्यांनी दाखवले. त्यानंतर १६८३ मध्ये त्यांनी दोष घालवण्याचा उपायही सुचवला. मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा योग्य रीतीने बसवल्यास पहिल्या सांध्याने बिघडवलेला वेग दुसरा सांधा तेवढाच पूर्ववत करतो. मोटारगाडी अस्तित्वात येण्यास त्या वेळी दोनशे वर्षांचा अवधी होता.

जबलपूरची जोंगा

खडकी, वरणगाव, अंबाझरी येथील आयुध निर्माणींप्रमाणेच जबलपूर शहराची ओळखही तेथील लष्करी कारखान्यांशी जोडलेली आहे. तोफगाडे तयार करणारी गन कॅरेज फॅक्टरी तेथे १९०४ मध्ये सुरू झाली. लष्करी वाहनांसाठी स्वतंत्र व्हेइकल फॅक्टरीची स्थापना १९६९ मध्ये झाली. जर्मनीच्या मान कंपनीच्या तंत्रज्ञानावर आधारित शक्तिमान ट्रक, तसेच जपानच्या निस्सान कंपनीच्या परवान्याने तयार होणारा एक टनी ट्रक आणि जोंगा ही तेथील गाजलेली वाहने होत. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली या नावाच्या आद्याक्षरांवरून जोंगा हे नाव पडले. या गाडीचे मूळ प्रारूप निस्सान पेट्रोल ही जीप होते आणि तिला सहा सिलिंडरचे सुमारे चार लिटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन होते. १९६९ पासून १९९९ पर्यंत जोंगाचे उत्पादन सुरू होते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाची फेररचना झाली आणि हा वाहन कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेड या सार्वजनिक उपक्रमाकडे गेला.

दणकट असली तरी जोंगा इंधन अधिक पीत असे. १९९६ मध्ये कारखान्याने हिनो-अशोक लेलँड डिझेल इंजिन असलेली जोंगा नागरी वापरासाठी बाजारात आणली. लिलावात गाड्या घेतलेल्या मालकांनीही खासगी कार्यशाळांमधून हाच मार्ग अवलंबला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार अशा बदलांसाठी नोंदणी प्राधिकरणाची मान्यता आवश्यक असते, हे येथे नमूद करायला हवे.

इंजिन बदलताना जुने गिअरबॉक्स कायम ठेवले, तर नव्या इंजिनाचे आणि बेल हाउसिंगचे बोल्ट जुळत नाहीत आणि मध्ये जाड धातूची जोडपट्टी घालावी लागते. इंजिनासोबत दुसरे गिअरबॉक्स आणले, तर त्याच्या मागील टोकाचा फ्लँज किंवा योक जुन्या शाफ्टशी जुळत नाही. दोन्ही परिस्थितींत गिअरबॉक्सचे मागील टोक मूळ जागेवरून काही सेंटिमीटर पुढे-मागे किंवा वर-खाली सरकते. जोंगासारख्या चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत ट्रान्सफर केसपासून एक शाफ्ट मागे आणि एक पुढे जातो. ट्रान्सफर केस सरकली की एक शाफ्ट आखूड करावा लागतो आणि दुसरा लांब.

हूक यांचे गणित येथे उपयोगी पडते. समजा, शाफ्टचे एक टोक दुसऱ्यापेक्षा दहा सेंटिमीटर उंच आहे. शाफ्टची लांबी एक मीटर असेल तर त्याचा कोन साधारण पावणेसहा अंश भरतो. तीच लांबी साठ सेंटिमीटर केली तर कोन साडेनऊ अंशांच्या पुढे जातो. कोन वाढला की वेगातील चढउतार वाढतो. शाफ्ट मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असेल, तर हा चढउतार सेकंदाला शंभर वेळा होतो आणि गाडीच्या सांगाड्यात थरथर निर्माण करतो. बेअरिंगच्या सुया आणि क्रॉसच्या भुजा त्यामुळे लवकर झिजतात.

यावरचा उपाय १६८३ मधलाच आहे. शाफ्टच्या दोन्ही टोकांना सांधे असतात. ट्रान्सफर केसचा दांडा आणि ॲक्सलचा दांडा परस्परांना समांतर असतील तर दोन्ही सांध्यांवरील कोन सारखे राहतात आणि चढउतार नाहीसा होतो. त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच प्रतलात असावे लागतात. गाडीचे पाटे दबले की शाफ्टची लांबी कमी-अधिक होते, म्हणून शाफ्टच्या मध्ये दातांवर सरकणारा भाग असतो. तो काढून पुन्हा बसवताना एक-दोन दात चुकले तरी योकचे प्रतल बदलते. परिणामी दुसरा सांधा पहिल्याचा दोष पुरता सुधारू शकत नाही. जाणते मेकॅनिक शाफ्ट सोडवण्यापूर्वी दोन्ही भागांवर खूण करून ठेवतात ती यासाठीच. नवे इंजिन बसवताना ते थोडे कलते ठेवले, तर त्याच अंशाने मागील ॲक्सलचे तोंडही पाचर घालून जुळवावे लागते. शाफ्ट कापून जोडल्यावर त्याचे संतुलनही नव्याने तपासावे लागते.

पाट्यांच्या लवचिकतेचा नियमही हूक यांचाच. ताण जितका, तितकी वाढ, हे तत्त्व त्यांनी १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात जाहीर केले आणि १६७८ मध्ये त्याचा उलगडा केला. शोधाचे श्रेय दुसऱ्याने घेऊ नये म्हणून अशी काळजी घेण्याचा प्रघात त्या काळात होता.

श्रेयाचे वाद

ही काळजी हूक यांच्या फारशी उपयोगी पडली नाही. घड्याळातील सर्पिल स्प्रिंगच्या शोधावरून १६७५ मध्ये डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांच्याशी त्यांचा वाद झाला. त्याआधी १६७२ मध्ये प्रकाशाच्या स्वरूपावरून आयझॅक न्यूटन यांच्याशी मतभेद झाले होते. १६७९-८० मध्ये या दोघांत ग्रहांच्या गतीविषयी पत्रव्यवहार झाला. सरळ रेषेतील गती आणि सूर्याकडे ओढणारे आकर्षण यांच्या संयोगातून ग्रहाची कक्षा ठरते, हा विचार हूक यांनी त्यात मांडला. आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, असेही त्यांनी सुचवले होते. त्याची गणिती सिद्धता मात्र न्यूटन यांनी दिली. त्यांचा प्रिन्सिपिया हा ग्रंथ १६८७ मध्ये प्रसिद्ध होण्यापूर्वी हूक यांनी श्रेयाची मागणी केली. त्यामुळे संतप्त झालेल्या न्यूटन यांनी ग्रंथातील हूक यांचे उल्लेख कमी केले.

कल्पना सुचणे आणि ती सिद्ध करणे यांत अंतर असते, हे न्यूटन यांचे म्हणणे रास्त होते. आठवड्याला तीन-चार नवे प्रयोग, अध्यापन आणि शहराच्या भूमापनाचे काम सांभाळणाऱ्या हूक यांना एकाच प्रश्नावर वर्षानुवर्षे बसता आले नाही, हेही तितकेच खरे आहे. ज्या प्रश्नाचा त्यांनी अखेरपर्यंत पाठपुरावा केला, त्यात दोष आणि उपाय दोन्ही त्यांच्या हाती लागले. सांध्याचे विवेचन हे त्याचे उदाहरण होय.

अखेरची वर्षे

हूक अविवाहित होते. त्यांच्याकडे राहणारी पुतणी ग्रेस हिचे १६८७ मध्ये निधन झाले. त्यानंतर त्यांची प्रकृती आणि स्वभाव दोन्ही खालावत गेले. अखेरच्या काळात त्यांची दृष्टी मंदावली होती. ३ मार्च १७०३ रोजी ग्रेशम कॉलेजमधील खोलीत त्यांचे निधन झाले. काटकसरीने राहणाऱ्या या शास्त्रज्ञाच्या खोलीतील लोखंडी पेटीत हजारो पौंडांची रोकड सापडली. लंडनमधील सेंट हेलन्स चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. पुढे एकोणिसाव्या शतकात तेथील अस्थी हलवण्यात आल्याने त्यांची समाधी नेमकी कोठे आहे हे सांगता येत नाही.

त्यांच्या निधनानंतर त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. हूक यांचे खात्रीलायक असे एकही समकालीन चित्र आज उपलब्ध नाही. सोसायटीतील त्यांचे चित्र न्यूटन यांनी नष्ट केल्याचा समज प्रचलित आहे, परंतु त्याला पुरावा नाही. २००६ मध्ये इंग्लंडमधील एका घरातील कपाटात हूक यांच्या हस्ताक्षरातील सभांच्या नोंदींचे पाचशेहून अधिक पानांचे बाड सापडले. रॉयल सोसायटीने सुमारे दहा लाख पौंड जमवून ते परत मिळवले.

मोटारगाड्यांचे युग आल्यावर अमेरिकेतील क्लॅरेन्स स्पायसर यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी हा सांधा गाडीसाठी योग्य अशा स्वरूपात विकसित केला आणि साखळीच्या जागी प्रोपेलर शाफ्ट रूढ झाला. शक्तिमान ट्रकपासून जोंगापर्यंत जबलपूरच्या गाड्यांमध्ये हाच सांधा वापरला गेला. भारतातील अभियांत्रिकी अभ्यासक्रमात यंत्रांच्या सिद्धान्ताचा अभ्यास करणारे विद्यार्थी आजही हूकच्या सांध्याचे गणित सोडवतात. इंजिन बदललेल्या जुन्या जोंगाखाली कोनमापक घेऊन शिरणारा मेकॅनिक तेच गणित शाफ्टवर पडताळून पाहत असतो.